जिनिव्हाचा मसुदा वाळूजमध्ये बसून कसा वाचावा

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज, चिकलठाणा किंवा शेंद्रा औद्योगिक वसाहतीतील लघुउद्योजकाला वाहनांचा नवा नियम बहुधा मोठ्या कंपनीच्या सुधारित ड्रॉइंगमधूनच कळतो, आणि तोवर त्याची डाय (सुटा भाग घडवण्याचा साचा) तयार होऊन बसलेली असते. अशा नियमाची सुरुवात मात्र पुष्कळदा काही वर्षे आधी जिनिव्हा येथे, संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगात झालेली असते. तेथील कागदपत्रे आयोगाच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात.

प्रथम आपला गट ओळखावा. 1952 मध्ये सुरू झालेला ‘डब्ल्यूपी 29’ हा मूळ कार्यगट 2000 पासून वाहन नियमांच्या एकसूत्रीकरणाचा जागतिक मंच म्हणून ओळखला जातो आणि त्याच्या हाताखाली सहा तांत्रिक गट आहेत. दिव्यांचे काम जीआरई, प्रदूषण व ऊर्जेचे जीआरपीई, तर धडकेत प्रवाशांचा बचाव कसा व्हावा याचे काम जीआरएसपी पाहतो. जीआरएसजीकडे सर्वसाधारण सुरक्षा आहे. ब्रेकचे सुटे भाग करणाऱ्यांची येथे हमखास फसगत होते, कारण पूर्वीचा जीआरआरएफ 2018 मध्ये जीआरव्हीए झाला. ब्रेक आणि स्टीअरिंग स्वयंचलित वाहनांच्या जोडीने तिकडे गेले, तर टायर आवाजाच्या गटात, म्हणजे आजच्या जीआरबीपीत गेले.

गट सापडला की त्याच्या बैठकीची विषयपत्रिका उघडावी. औपचारिक दस्तऐवजाच्या क्रमांकात गटाचे नाव, वर्ष आणि अनुक्रम असतो. अनौपचारिक दस्तऐवजावर मात्र गटाच्या नावापुढे बैठकीचा क्रमांक लिहिलेला असतो. दुरुस्तीच्या मसुद्यात नवा मजकूर ठळक अक्षरांत असतो आणि वगळलेल्या मजकुरावर रेघ मारलेली असते. तरीही मी वाचायला सुरुवात शेवटून करतो, कारण दुरुस्ती कशासाठी हवी आहे हे प्रस्तावकाने तेथेच सांगितलेले असते. ते कळले की मधली आकडेवारी आपोआप उलगडते.

यानंतर मसुदा कोणत्या आंतरराष्ट्रीय करारातला आहे ते पाहावे. 1958 च्या करारात सदस्य देश वाहनांना व सुट्या भागांना एकमेकांनी दिलेली मान्यता स्वीकारतात, आणि भारत त्या करारात नाही. भारत 2006 पासून 1998 च्या करारात आहे. त्यातले जागतिक तांत्रिक नियम सर्वसहमतीने नोंदवले जातात आणि बाजूने मत देणाऱ्या देशाला ते आपल्या देशांतर्गत प्रक्रियेपुढे ठेवावे लागतात, पण स्वीकारलेच पाहिजेत असे बंधन नसते. निर्यातीच्या हेडलॅम्पच्या काचेवर वर्तुळातील ‘ई’ आणि त्याशेजारी 4 हा आकडा दिसला, तर ती मान्यता नेदरलँड्सची आहे एवढेच समजावे. दिवा वाळूजमध्येही बनलेला असू शकतो.

जिनिव्हाचा नियम आपल्याकडे बहुधा एआयएस, म्हणजे वाहन उद्योग मानकाच्या (ऑटोमोटिव्ह इंडस्ट्री स्टँडर्ड) रूपाने येतो. हे मानक ठरवणाऱ्या समितीचे सचिवालय पुण्याच्या एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) या वाहन संशोधन संस्थेकडे आहे, आणि मसुदे तेथेच पाहायला मिळतात. उसाच्या हंगामात लातूर-धाराशिवच्या रस्त्यांवर रात्री ट्रॉलीमागून गाडी चालवणाऱ्याला परावर्तक पट्टीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. अवजड वाहने व ट्रेलरच्या या पट्ट्यांसाठी आपल्याकडे एआयएस-090 आहे, आणि त्याच विषयाचा जिनिव्हातील नियम क्रमांक 104 होता. परावर्तकांचे वेगवेगळे नियम 2019 मध्ये क्रमांक 150 मध्ये एकत्र करण्यात आले. म्हणून पट्टी बनवणाऱ्याने केवळ 104 वर नजर ठेवली, तर पुढची हालचाल त्याला दिसणारच नाही. आपल्या मानकात जो जुना क्रमांक आढळेल तो आज कोठे गेला आहे, हे प्रत्येकाने एकदा तपासून घ्यावे.

हरकत कोठे मांडायची, हेही आधीच ठरवावे. जिनिव्हात मत सरकारांचे असते. उद्योगांच्या आंतरराष्ट्रीय संघटना तेथे बोलतात, पण मत देत नाहीत. लहान कारखान्याने आपले म्हणणे एआयएसच्या मसुद्यावर किंवा केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या प्रारूप अधिसूचनेवर पाठवावे. ‘खर्च परवडत नाही’ एवढेच लिहिलेले पत्र तेथे टिकत नाही. कलमाचा क्रमांक, त्यातील सध्याचे शब्द, आपण सुचवत असलेले शब्द आणि आपल्या चाचणीची मोजमापे एकाच तक्त्यात मांडून ते प्रारूपात दिलेल्या मुदतीच्या आत पोहोचेल असे पाहावे.