बायोडिझेल म्हटलं की हिरवंच? या चुका टाळा

‘माळ पडीकच आहे, मोगली एरंड लावतो.’ हे वाक्य ऐकलं की मला आमचे खानापूर तालुक्यातले मामा आठवतात. 2003 मध्ये नियोजन आयोगाच्या समितीनं बायोडिझेलसाठी, म्हणजे वनस्पतींच्या तेलापासून बनणाऱ्या डिझेलसाठी, जट्रोफाची (हाच मोगली एरंड) शिफारस केली आणि पुढं काही वर्षं जो उठेल तो रोपं विकत सुटला. मामांकडंही एकजण आला. पाणी नको, खत नको, ढोरं तोंड लावत नाहीत, बी आम्हीच नेणार. यातलं ढोरांचं तेवढं खरं निघालं, कारण पानं आणि बी विषारी असतात. चार एकराला कुंपण पडलं. तिथं चरणाऱ्या म्हशी आणि शेजाऱ्यांच्या शेळ्या जंगलाच्या कडेला गेल्या, वैरण विकत आली. झाडं जगली, पण बी धरेना, म्हणून बोअरचं पाणी सोडलं. तिसऱ्या वर्षी निघालेलं बी दोन पोत्यांत मावलं, आणि नेणाऱ्याचा फोन बंद. शेवटी जेसीबी लावून सगळं उपटलं. मामी अजून टोमणा मारते.

माळ पडीक नव्हताच वो, ते कुरण होतं. म्हणून कुठल्याही तेलाबद्दल मी आधी एवढंच विचारतो: त्या जमिनीवर याआधी काय होतं? इंडोनेशियात पीटची (अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याच्या थरांची) दलदल उपसून, जंगल तोडून तेलासाठी पाम लावला, तर त्यातून सुटलेला कार्बन त्या तेलाच्या बायोडिझेलनं फेडायला चारशेच्या वर वर्षं लागतील, असा हिशेब 2008 मध्ये शास्त्रज्ञांनी मांडला होता. डिझेल परवडलं म्हणायचं!

सोयाबीन आपल्याकडं उदंड पिकतं, म्हणून त्याचं ताजं तेल टाकीत घालू नका. देशाला लागणारं निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून येतं. इथं जाळलं की तिकडून पाम मागवायचा.

करंज मला आवडतो. बांधावर, रस्त्याकडेला वाढतो, मुळांच्या गाठींतून जमिनीला नत्र देतो, पेंड खताला चालते. फक्त त्याच्यासाठी चांगलं शेत मोडू नका, आणि फळ धरायला चार-पाच वर्षं लागतात हे सोसायची तयारी ठेवा. घाई असलेल्यानं कोथिंबीर लावावी.

सगळ्यात हलका बोजा जळक्या, म्हणजे तळून उरलेल्या, तेलाचा, कारण त्यासाठी वेगळी जमीन लागत नाही. पण त्यातही घाण करणारे आहेत. बेळगावातला एक इंजिनिअरिंगचा पोरगा फरसाणवाल्याकडून डबा घेऊन आला. तेल गाळलं नाही, पाणी उडवलं नाही, आम्लता तपासली नाही, व्हिडिओ बघून थेट कॉस्टिक सोडा आणि मिथेनॉल (तेलाचं बायोडिझेल करायला लागणारं अल्कोहोल) ओतलं. डिझेलऐवजी साबण झाला. मग धुवून धुवून दूधपाणी सगळं ओढ्यात, दुसऱ्या दिवशी फेस पार पुलापर्यंत. मी तेल तडतडणं थांबेपर्यंत तापवतो, रात्रभर निवू देतो, सकाळी तळाचा गाळ सोडून वरचं घेतो. आम्लता जास्त आली तर ती बॅच करतच नाही. धुतलेलं पाणी ड्रममध्ये साठवायचं, निवळू द्यायचं, आम्ल-अल्कली जुळवायचं; ओढ्यात एक थेंब नाही.

बायोडिझेल करताना शंभर किलो तेलामागं साधारण दहा किलो ग्लिसरीन पडतं. त्यात मिथेनॉल आणि कॉस्टिक उरलेलं असतं, उकिरड्यात ओतू नका. शिवाय बाजारातलं मिथेनॉल बहुतेक नैसर्गिक वायू नाहीतर कोळशापासूनच बनतं, तेव्हा डब्यावर ‘शंभर टक्के हिरवं’ लिहायच्या आधी तेवढं खोडा.