हीट पंप भर दुपारी चालवा: वेळेच्या वीजदरात गरम पाण्याचा हिशेब

गोव्यात घर उबदार ठेवायला हीट पंप लागत नाही. आपल्याकडे हीट पंप म्हणजे गच्चीवर किंवा परसात उभी असलेली गरम पाण्याची टाकी आणि तिच्या डोक्यावर (किंवा बाजूला) एसीच्या बाहेरच्या युनिटासारखा खोका. हा खोका हवेतली उष्णता ओढून पाण्यात घालतो, वीज लागते ती फक्त या ने-आणीला. गिझर १ युनिट वीज खाऊन १ युनिटाचीच उष्णता देतो. आपल्या दमट, उबदार हवेत बरा हीट पंप तेवढ्याच विजेत ३ ते ४ युनिटांची देतो. या गुणोत्तराला सीओपी म्हणतात, आणि पुढचा सगळा खटाटोप तो वर ठेवण्यासाठी आहे.

दराचं आधी बघू. केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांत जून २०२३ मध्ये दुरुस्ती झाली. तिच्यानुसार सौर तासांत, म्हणजे वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दिवसाच्या ८ तासांत, दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी हवा आणि गर्दीच्या तासांत (विजेची मागणी सगळ्यात जास्त असते तेव्हा) घरगुती ग्राहकाला किमान १० टक्के जास्त. हा दर स्मार्ट मीटर बसल्यावर लागू होतो. गोव्यासाठी दर आणि तास ठरवतो तो संयुक्त वीज नियामक आयोग, त्यामुळे नेमके तास वीज खात्याच्या चालू दरपत्रकातून किंवा बिलावरूनच घ्या. मुंबई-पुण्याच्या नातेवाइकाने सांगितलेली वेळ इथे चालवू नका, तिथला आयोग वेगळा.

सवलत आणि अधिभार दोन्ही फक्त वापरलेल्या युनिटांवर लागतात, स्थिर आकार तसाच राहतो. गर्दीच्या तासातलं एक युनिट सौर तासात नेलं तर १.१० पटीचं ०.८० पट होतं, म्हणजे साधारण २७ टक्के वाचतात. पण घरगुती दर टप्प्यांचा आहे. पहिली १०० युनिटं सगळ्यात स्वस्त, पुढे टप्प्यागणिक चढता भाव. म्हणून महिन्याला जी युनिटं जळतच नाहीत ती बिलातल्या सगळ्यात महाग टप्प्यातली असतात. ३०० च्या पुढे जाणाऱ्या घराला वेळ बदलण्यापेक्षा २० युनिटं कमी जाळणं जास्त देऊन जातं. सुदैवाने हीट पंपात दोन्ही एकाच वेळी साधतं, कारण दुपारी वीज स्वस्त आणि हवाही सगळ्यात गरम. डिसेंबर-जानेवारीत सत्तरी, सांगेच्या बाजूला पहाटे थंडी पडते, तेव्हा पहाटे ५ चा आणि दुपारी १ चा सीओपी यांत चांगलाच फरक दिसतो. स्मार्ट मीटर अजून बसला नसला, तरी पंप दुपारीच चालवावा तो यासाठी.

टाकी किती लिटरची, हे बादलीने मोजावं. २७ अंशांचं नळाचं पाणी आणि ५२ अंशांचं टाकीचं पाणी मिसळून ४० अंशांची १६ लिटरची बादली भरायची तर टाकीतून सव्वाआठ लिटर जातात. चौघांनी दोन-दोन बादल्या घेतल्या तर ६७ लिटर. १५० लिटरची टाकी भरपूर झाली. शॉवरवाल्यांचं गणित निराळं: मिनिटाला ८ लिटर धरले तर सहा मिनिटांत ४८ लिटर, म्हणजे तीन बादल्या. शॉवरची सवय असलेल्या पाच-सहा जणांना २०० लिटर घ्या. आणि स्पष्टच सांगायचं तर, चौघं बादलीने न्हाणारं घर असेल तर गिझरच्या तुलनेत दिवसाला एक-सव्वा युनिटच वाचतं. तेवढ्यासाठी नवा हीट पंप घेणं परवडत नाही. मोठं कुटुंब, होमस्टे किंवा स्वयंपाकघर-न्हाणीला दिवसभर गरम पाणी लागणारं घर असेल तरच पैसे वसूल होतात.

आता सेटिंग. यातच बहुतेकांचे पैसे जातात.

१. आधी जोड-हीटर बंद करा. बहुतेक मॉडेलांत टाकीत दीड-दोन किलोवॉटचा विजेचा रॉड असतो. पॅनेलवर तो 'हायब्रिड', 'बूस्ट' किंवा 'ऑटो' या नावाने लपलेला असतो. 'ऑटो'वर पाणी लवकर तापत नाही असं वाटलं की यंत्र रॉड चालू करतं आणि तुमचा हीट पंप चुपचाप गिझर होतो. 'इको' किंवा 'फक्त हीट पंप' निवडा.

२. तापमान ५० ते ५२ अंश ठेवा. वर जाणाऱ्या दर अंशामागे ढोबळ दोन टक्के जास्त वीज लागते, म्हणजे ६० अंशांवर तेच काम जवळपास वीस टक्के महाग, शिवाय रात्रभर जास्त उष्णता गळते. मात्र आठवड्यातून एकदा, सौर तासांतच, ६० अंशांपर्यंत नेऊन तासभर तसंच राहू द्या. कोमट साचलेल्या पाण्यात लीजिओनेला हे जंतू वाढतात. या एका कामाला रॉड लागला तरी चालेल. त्या दिवशी घरात मुलं असतील तर नळ उघडताना आधी थंड पाणी सोडा.

३. टाइमर. पंपाची तापवण्याची क्षमता दीड किलोवॉट असेल (वीज साधारण अर्धा किलोवॉट ओढतो), तर १५० लिटर पाणी २५ अंशांनी चढवायला तीन तास लागतात, २०० लिटरला चार. सौर तास सुरू झाल्यावर अर्धा तास थांबून सुरुवात करा आणि संपायच्या अर्धा तास आधी काम उरकेल असं बघा. दिवसाला एकच फेरी. 'पाणी पाच अंश उतरलं की पुन्हा तापव' हे सेटिंग असेल तर टाइमरच्या बाहेर ते बंद करा, नाहीतर रात्री ८ ला ऐन गर्दीत पंप घुरघुरायला लागतो.

४. बाहेरून टाइमर स्विच किंवा स्मार्ट प्लग लावू नका. कॉम्प्रेसरची वीज मध्येच तुटते, आणि तो पुन्हा लागलीच चालू झाला की दाबाखाली अडकतो. यंत्राचाच टाइमर वापरा.

हे केल्यावर एकदा मोजून बघा. घरातलं बाकी सगळं बंद, फक्त फ्रिज चालू. पंप सुरू होण्याआधी मीटरचा आकडा लिहा, टाकीच्या पॅनेलवरचं तापमान लिहा. समजा मीटर १८४६.२, पाणी २८ अंश. तापून झाल्यावर मीटर १८४८.१, पाणी ५२ अंश, टाकी २०० लिटर. पाण्यात गेलेली उष्णता = २०० × २४ × ०.००११६ (एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला लागणारी युनिटं), म्हणजे साडेपाच युनिटं. वीज १.९. त्यातून फ्रिजचे ०.२ वजा करा, १.७ उरले. सीओपी ३.२ पडला, ठीक आहे. आकडा २.५ च्या खाली आला तर चार ठिकाणी बघा: रॉड चालू आहे का, पंख्याच्या जाळीत धूळ-पाला बसलाय का, पंपाने सोडलेली गार हवा भिंतीला आपटून परत त्याच्याच तोंडात येतेय का, आणि गॅस कमी झालाय का. तिसरं कारण आपल्याकडे फार. छोट्या बाल्कनीत कोंडलेला पंप स्वतःचीच थंड हवा गिळत बसतो. मंगळुरी कौलांच्या माळ्यावर मात्र उलटं: दुपारी कौलाखाली हवा तापते आणि ती पंपाला आयती मिळते. फक्त यंत्राच्या लेबलवर कमाल हवामान-मर्यादा ४३ अंश असेल तर मे महिन्यात माळा ती ओलांडतो का, ते थर्मामीटरने पाहून मगच जागा ठरवा.

पाइपाकडे कोणी लक्ष देत नाही. पाऊण इंची सीपीव्हीसीत मीटरला पाव लिटर पाणी राहतं. गच्चीवरून न्हाणीघरापर्यंत १५ मीटर असेल तर नळ सोडल्यावर जवळपास चार लिटर थंड पाणी आधी वाहतं, आणि न्हाऊन झाल्यावर तेवढंच गरम पाणी पाइपात राहून निवतं. एकाच न्हाणीघरासाठी अर्धा इंची पाइप घातला तर हे निम्मं होतं, पण गच्चीवरची पाण्याची टाकी कमी उंचीवर असली तर धार मंदावते. बाकी १३ मिमी नायट्राइल फोम चढवा, उन्हात असलेल्या भागावर ॲल्युमिनियम टेप. ती नसली तर दोन उन्हाळ्यांत फोमचा भुगा होतो.

किनाऱ्याजवळ खारी हवा यंत्रातल्या, हवेतली उष्णता ओढणाऱ्या पातळ पंखांची (फिन्सची) पत्री खाते. कोटिंग केलेली पत्री असलेलंच मॉडेल घ्या आणि दोन महिन्यांतून एकदा पंप बंद करून गोड्या पाण्याने हलक्या धारेने धुवा. पावसाळ्यात यंत्र हवेतून काही लिटर पाणी काढू शकतं. त्या पाण्याच्या नळीत शेवाळ साचलं की पाणी बाहेर येऊन भिंतीला ओल धरते. नळीला उतार द्या, महिन्यातून एकदा कपभर व्हिनेगर ओता. विहिरीचं पाणी असेल आणि बादलीला तांबूस कडा चढत असेल, तर टाकीतला मॅग्नेशियमचा ॲनोड लवकर झिजतो. वर्षाने काढून बघा, आतली तार दिसू लागली की बदला.

एसीही हीट पंपच, फक्त उलटा. संध्याकाळी गर्दीचे तास लागण्याआधी खोली २५ अंशांवर आणा, मग २७ वर ठेवून पंखा लावा. पश्चिमेच्या चिऱ्याच्या भिंतीवर दुपारी पडदा किंवा वेल नसेल तर हे काही कामाचं नाही, कारण भिंत साठवलेली उष्णता नेमकी रात्री ८-९ ला आत सोडते.

चवथीला पाहुणे येतात तेव्हा टाइमरला दोन फेऱ्या द्या, दुसरी दुपारच्या शेवटी. पावसात वीज जाऊन आली की काही यंत्रांचं घड्याळ शून्यावर जातं आणि सकाळी ११ ची फेरी भलत्याच वेळी, कधी रात्रीही, धावते. म्हणून वीज आली की फ्रिजसोबत हीट पंपाच्या पॅनेलवरची वेळही बघून घ्या.