जुन्या फोर बाय फोर पिकअपचे ब्रेक आणि गिअरबॉक्स बदलताना

आधी ब्रेक, मग गिअरबॉक्स. हा क्रम उलटा करू नका. जुन्या विलीज किंवा महिंद्रा पिकअपला पाच गिअर टाकले की गाडी पळायला लागते, पण थांबवायला तेच जुने ड्रम आणि एकाच सर्किटचा मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब ऑइलने चाकांपर्यंत पोचवणारा पंप) असतो. एक पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक जातो आणि कसारा घाटात हातात फक्त हँडब्रेक उरतो.

गाडी ५० वर्षांहून जुनी असेल आणि २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणून नोंदवायची असेल, तर यातलं काहीच करू नका. ती नोंदणी मूळ स्थितीतल्या गाडीसाठी आहे. वापरायच्या गाडीसाठी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ (गाडीत बदल करण्याबद्दलचं) लागतं, म्हणून कामाला हात लावण्याआधी आरटीओत विचारा.

ब्रेकचं काम सरळ आहे: पुढे डिस्क, दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर, व्हॅक्यूम बूस्टर (पेडल हलकं करणारा). कुर्ल्याच्या भंगारातून ब्रॅकेट आणि हब आणा. होज, सील आणि पॅड मात्र ऑपेरा हाउसच्या दुकानांतून कोरेच घ्या. ड्रमच्या मास्टर सिलिंडरला डिस्क जोडू नका. त्यात ड्रमसाठीचा सुमारे १० पीएसआयचा दाब अडवणारा व्हॉल्व्ह असतो, त्याने पॅड सतत घासत राहतात. मास्टर सिलिंडर पायाखालच्या फळीखाली, कॅलिपरपेक्षा (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) खाली असेल तर डिस्कच्या लाइनला २ पीएसआयचा व्हॉल्व्ह लावा, नाहीतर ऑइल मागे उतरतं आणि पहिलं पेडल पोकळ जातं. हवा काढा, झालं. मुंबईच्या दमट हवेत ब्रेक ऑइल पाणी ओढतं, ते दर दोन वर्षांनी बदला.

आता गिअरबॉक्स. या गाड्यांच्या जुन्या टी-९० गिअरबॉक्सला तीनच गिअर आणि पहिल्याला सिंक्रो (गिअर अलगद पडू देणारी रिंग) नाही, त्यामुळे सायनच्या गर्दीत हैराण व्हायला होतं. नवा घ्याल तो फोर बाय फोरचाच, ट्रान्सफर केससकट (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी). पुढचा शाफ्ट कोणत्या बाजूने निघतो ते पैसे देण्याआधी बघा. तो तुमच्या पुढच्या डिफरेन्शियलच्या बाजूलाच हवा.

माझे सगळ्यात जास्त हाल केले ते बेल हाऊसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधलं क्लचचं घर) सेंटरिंगने. नवा गिअरबॉक्स जुन्या इंजिनला जोडणारी अडॅप्टर प्लेट लेथवर कितीही नीट बनवा, बोल्टच्या भोकांत ढिलाई असतेच. इंजिनचा क्रँक आणि गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट एका रेषेत आले नाहीत, तर पायलट बुश (क्रँकच्या टोकात इनपुट शाफ्टला आधार देणारं) झिजतं, क्लच थरथरतो आणि टॉप गिअर आपोआप निसटतो. मग सगळे गिअरबॉक्सलाच दोष देतात आणि तो बिचारा पुन्हा खोलला जातो.

मिस्त्री म्हणतील, ‘साहेब, बोल्ट कसले की बसतं आपोआप.’ नाही बसत. फ्लायव्हीलला डायल गेज (बारीक फरक काट्याने दाखवणारं माप) लावा, टोक बेल हाऊसिंगच्या मधल्या भोकाच्या कडेला टेकवा आणि क्रँक हाताने एक पूर्ण फेरा फिरवा. काटा सगळ्यात खाली आणि सगळ्यात वर यांतला फरक ०.१३ मिमीच्या आत आला पाहिजे. जास्त असेल तर त्याच्या निम्म्याने हाऊसिंग सरकवा, पुन्हा मोजा, मग डॉवेल (हाऊसिंग जागेवर धरणाऱ्या पिना) पक्के करा. ज्या गॅरेजमध्ये डायल गेज नाही तिथे हे काम देऊ नका, कितीही ओळखीचा माणूस असो.

गिअरबॉक्स चढवताना तो हाताने सरकत जाऊन हाऊसिंगला टेकलाच पाहिजे. थोडी फट उरली म्हणून बोल्टने ओढलात तर क्लच प्लेटचा हब वाकतो, नाहीतर गिअरबॉक्सचा बोल्टचा कान तुटतो. बाहेर काढा, प्लेट पुन्हा सेंटर करा.

प्रॉपेलर शाफ्ट कापून बॅलन्स करून घ्या. दोन्ही टोकांच्या क्रॉसचे (युनिव्हर्सल जॉइंटचे) कोन सारखे ठेवा.

पहिल्या लांब फेरीनंतर क्रॉस मेंबरचे (गिअरबॉक्स टेकतो ती चॅसिसची आडवी पट्टी) आणि हाऊसिंगचे बोल्ट पुन्हा आवळा. गिअर ऑइल काढून बोटांत चोळून बघा. बारीक चकाकी चालेल, पण कण हाताला लागले तर गाडी तिथेच उभी करा.