वखारवाल्याआधी नमुना 33 गाठा

आमच्या पारोळ्याकडे मे महिन्यात ऊन 45 अंशांच्या घरात जातं आणि तेव्हाच वखारवाल्याची ट्रॅक्टर-ट्रॉली गावोगाव फिरते. शेतं रिकामी, घरात लग्नाचा खर्च. कटर लागलं की आजोबांच्या वेळची चिंच तासाभरात आडवी. म्हणून झाडं वाचवायला लागणारे कागद आधी तयार ठेवा.

ग्रामसेवक भाऊंकडे नमुना 33 मागा. ही ग्रामपंचायतीची वृक्ष नोंदवही. कोरी असेल तर चार पोरं सोबत घ्या आणि गावठाण, गायरान, शाळा, मारुतीचा पार इथलं एकेक झाड तिच्यात चढवून घ्या. ‘मोठं झाड’ असं लिहून भागत नाही. जात, जागा, फोटो आणि घेर हवा. जमिनीपासून साडेचार फुटांवर बुंध्याला सुतळी गुंडाळायची आणि ती टेपवर मोजायची. उद्या ट्रॉलीत ओंडका दिसला तर याच आकड्याशी ताडून बघता येतो.

मग ग्रामसभा. सार्वजनिक जागेवरचं झाड ग्रामसभेला विचारल्याशिवाय तोडायचं नाही, लिलावात काढायचं नाही, असा ठराव घ्या आणि इतिवृत्ताची नक्कल त्याच आठवड्यात मागून घ्या. बायांना आवर्जून न्या. कुरडया-पापड त्याच निंबाखाली होतात, त्या ठामपणे बोलतात. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने गावाचे नियम करूनच जंगल राखलं. तिथल्या चैत्राम पवारांना 2025 साली पद्मश्री मिळाली.

खाजगी शेतातल्या झाडांना 1964 चा राज्याचा झाडे तोडण्याबाबतचा कायदा आहे. आंबा, चिंच, मोह, जांभूळ, साग, खैर, अंजन, चंदन, हिरडा ही झाडं त्याच्या यादीत आहेत. ‘माझ्या बांधावरचं आहे, मी बघीन’ हे इथे चालत नाही. मालकालाही परवानगी लागते. निंब आणि बाभूळ मात्र यादीत नाहीत. आपल्याकडे सावली निंबाचीच, म्हणून वरचा ठराव टाळू नका. मोबाईलवर फिरणारा 1975 चा कायदा शहरांसाठी आहे. तो तक्रारीच्या अर्जात लिहिलात तर अर्जच लंगडा पडतो.

कटर आलंच तर हुज्जत घालू नका. परवानगीचा कागद मागा. गट नंबर, झाडांची जात, संख्या आणि मुदत वाचा. ट्रॉलीचा नंबर दिसेल असा व्हिडिओ काढा. पोलीस पाटील, तलाठी आप्पा, वनपाल यांना फोन लावा, वनखात्याचा 1926 नंबरही आहे. पंचनामा होईपर्यंत लाकूड गावातून हलू नये यासाठी आग्रह धरा, कारण वखारीत गेलेलं लाकूड ओळखू येत नाही.

तोडीच्या तक्रारीचा अर्ज तहसीलदार आणि वनपरिक्षेत्र अधिकारी दोघांकडे द्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. उत्तर आलं नाही तर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात त्याच अर्जावर काय कारवाई झाली ते विचारा. 30 दिवसांत उत्तर देणं त्यांना बंधनकारक आहे.