ऑटोमॅटिक ट्रक असो की मॅन्युअल, घाटातला गिअर आपणच ठरवायचा

आता बऱ्याच मालकांकडे नवीन गाड्या यायला लागल्यात ज्यात क्लचचा पेडलच नाही, आणि वीस वीस वर्षं मॅन्युअल चालवलेल्या ड्रायव्हरला मालक चावी देतो आणि सांगतो, काय नाय रे, डी (म्हणजे ड्राइव्ह) टाक आणि एक्सलेटर दाब. एवढंच शिकवून माणसाला 28 टन लोड घेऊन घाटात पाठवतात. माझी 19 वर्षं दहा चाकी आणि ट्रेलरवर गेली, त्यातली शेवटची 4 ऑटोमॅटिकवर, म्हणून जे अनुभवाने कळलं ते नवीन पोरांसाठी लिहितोय.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की करा. ट्रकमधलं ऑटोमॅटिक म्हणजे आपल्याकडे बहुतेक एएमटी, म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सच पण आपोआप चालणारा, असतं. आत क्लचप्लेट आहे, प्रेशरप्लेट आहे, गिअरबॉक्स पण मॅन्युअलसारखाच दात्यांचा आहे, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तुमच्या पायाऐवजी हवेवर चालणारी यंत्रणा करते आणि कधी करायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. म्हणजे क्लच दिसत नसला तरी जळतो. अगदी तसाच जळतो.

मला हे कसारा घाटात कळलं. गाडी नवीन, माल भरलेला, इगतपुरीकडे चढताना पुढे एक कंटेनर बंद पडलेला आणि सगळी लाईन हळूहळू सरकत होती. मी काय केलं, चढावर ब्रेक सोडून एक्सलेटर थोडासाच दाबून गाडी जागच्या जागी धरून ठेवली, वाटलं ऑटोमॅटिक आहे, सांभाळेल. दहा मिनिटांत केबिनमध्ये करपट वास आला, रबर आणि केस एकत्र जळल्यासारखा, आणि डॅशबोर्डवर क्लच गरम झाल्याची खूण पेटली. गाडी कडेला घेतली, न्यूट्रल केली, हँडब्रेक लावला, चाकाला दगड लावले आणि अर्धा तास नुसतं बसून राहिलो. त्या दिवशी प्लेट वाचली, पण तेव्हापासून जाममध्ये माझी पद्धत ठरली, ती अशी की पुढच्या गाडीमागे लगेच सरकायचं नाही, दोन ट्रक मावतील एवढी जागा होऊ द्यायची, तोपर्यंत ब्रेकवर किंवा हँडब्रेकवर थांबायचं आणि मग एकदाच नीट उठवायचं. मागचे हॉर्न मारतात, मारू द्या. हिल होल्ड (चढावर ब्रेक सोडल्यावर गाडी मागे जाऊ न देणारी सोय) असलं तरी ते दोन तीन सेकंदच गाडी धरतं, तेवढ्यात पाय ब्रेकवरून एक्सलेटरवर न्यायचा, आणि लोड जास्त, चढ खडा असेल तर सरळ हवेचा हँडब्रेक लावून ठेवा, इंजिनने जोर धरला की मग सोडा.

मॅन्युअलमध्ये हेच हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धा दाबून ठेवला की, होतं. चढावर हाफ क्लचवर गाडी धरणारा ड्रायव्हर चांगला असं आपल्याकडे उगाच मानतात, प्रत्यक्षात तो प्लेट खातोय.

मॅन्युअलवाल्यांनी रेंजचा बटण (लो म्हणजे खालचे आणि हाय म्हणजे वरचे गिअर बदलणारा) नीट शिकून घ्या. नऊ गिअरच्या बॉक्समध्ये एक क्रॉलर (सगळ्यात हळू चालणारा गिअर), चार लो आणि चार हाय असतात, लिव्हर त्याच जागी परत फिरतो. ज्या गाडीत लिव्हरवर बटण आहे तिथे चौथ्यातच असताना बटण हायला करून ठेवायचं, मग क्लच दाबून न्यूट्रलला क्षणभर थांबायचं, आतून रेंज बदलल्याचा हवेचा छोटा फुस्स आवाज येतो, तो आला की पाचवा टाका. घाई केली तर दाते करकरतात. आणि उलटं, म्हणजे हायमधून लोला येताना, स्पीड आधी ब्रेकने कमी करा आणि मगच बटण खाली करा. स्पीडमध्ये लो मारला तर गिअरबॉक्सचं काम निघालंच, आणि वर उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये अडकली तर पुढचं बोलायलाच नको.

आता उतार. यावरच मला जास्त लिहायचंय कारण माणसं इथेच मरतात.

पुण्यात साताऱ्याकडून मुंबईकडे येताना कात्रजचा नवा बोगदा संपला की नवले पुलापर्यंत लांबच लांब उतार आहे. घाटासारखा खडा दिसत नाही, वळणं पण फार नाहीत, म्हणूनच तो फसवतो. तिथे किती वर्षं अपघात होतायत ते सगळ्यांना माहितीय, आणि त्यात डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल केली हे कारण पुन्हा पुन्हा निघालंय. डिझेल वाचतच नाही भावांनो, आताच्या इंजिनात गिअरमध्ये राहून एक्सलेटर सोडला की पंप डिझेल बंदच करतो, न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला डिझेल जातं. न्यूट्रल केलं की इंजिनचं धरून ठेवणं संपलं, एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून इंजिनला धरणारा) संपला, सगळा भार लायनरवर, म्हणजे चाकाच्या ड्रमला घासणाऱ्या ब्रेकच्या पट्ट्यांवर. 30 च्या जागी 60 ने उतरलात तर थांबवताना ड्रममध्ये उष्णता दुप्पट नाही, चौपट होते. ड्रम तापून फुगतो, लायनर गुळगुळीत होतो, पेडल दाबला जातो पण गाडी थांबत नाही. लोक म्हणतात ब्रेक फेल झाला, बऱ्याचदा तो आपणच वरून तापवत आणलेला असतो.

जुने उस्ताद सांगायचे, ज्या गिअरने चढशील त्याच गिअरने उतर. मॅन्युअलमध्ये ते डोळे झाकून पाळा, पण नवीन गाड्यांना ताकद जास्त असल्यामुळे त्या वरच्या गिअरमध्ये चढून जातात, त्यामुळे आता मी अजून एक खालीच ठेवतो. गिअर उतार सुरू व्हायच्या आधी, माथ्यावरच टाकायचा.

ऑटोमॅटिकमध्ये पण हेच, आणि इथेच सगळ्यात मोठी चूक होते. माथ्यावर चढ संपला की कॉम्प्युटरला वाटतं आता भार कमी झाला आणि तो वरचा गिअर टाकतो. त्याला पुढचा उतार दिसत नाही, तो तुम्हाला दिसतो. म्हणून माथा दिसला की लिव्हर एम वर (म्हणजे मॅन्युअल, गिअर आपण बदलायचा) घ्या, मायनस करून गिअर खाली आणा, एक्झॉस्ट ब्रेक नाहीतर इंजिन ब्रेक लावा आणि आरपीएम (इंजिनचे फेरे) वर राहू द्या, कारण इंजिन ब्रेक कमी आरपीएमला जोर देत नाही. लाल पट्ट्याच्या अलीकडे राहिलं की झालं. ब्रेक मारायचा तेव्हा एकदा नीट दाबून स्पीड दहा एक किलोमीटरने कमी करायचा आणि पूर्ण सोडायचा, पाय नुसता ठेवून घासत यायचं नाही. एक अपवाद लक्षात ठेवा, गाडी रिकामी असेल आणि पाऊस असेल तर इंजिन ब्रेकने मागची चाकं घसरू शकतात, तेव्हा तो बंद ठेवून स्पीडच कमी ठेवा.

खडी मशीनवर, चिखलात, साईटवर पण एम. एएमटी गिअर बदलताना क्षणभर जोर तोडते, चिखलात तेवढ्यात गाडी बसते. आत शिरायच्या आधी एक गिअर पकडा आणि न थांबता बाहेर काढा.

सकाळी स्टार्ट केल्यावर गिअर पडत नाही म्हणून घाबरून फोन करू नका, आधी हवेचा काटा बघा. क्लच हवेवर चालतो, हवा भरल्याशिवाय तो हलणार नाही. पण हवा पूर्ण असून गिअर पडत नसेल तर खोलायला जाऊ नका, त्याला स्कॅनर लागतो, रस्त्यावरचा मेस्त्री काही करू शकत नाही. मॅन्युअलचा फायदा हाच, तुटलेली लिंकेज (लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंतचा दांडा) ढाब्याजवळ पण जोडून मिळते. लांब पल्ल्याला, शहरातल्या जामला ऑटोमॅटिकने डावा गुडघा वाचतो, ते मी मनापासून सांगतो, संध्याकाळी उतरताना फरक कळतो.

नवीन गाडी हातात आली तर मालकाकडून एक दिवस मागून घ्या, रिकामी गाडी घेऊन मोकळ्या चढावर थांबवून उठवायची पन्नास वेळा, एम मध्ये गिअर वर खाली करायचा न बघता हात बसेपर्यंत, मग अर्धा लोड, मग घाट. मालक नाही म्हणाला तर त्याला एका क्लचप्लेटचा खर्च सांगा.