जादू फुकटात नको: अद्भुत कादंबरीतलं पात्र असं घडवा

अद्भुत कादंबरी लिहायला घेतली की पहिला मोह होतो नकाशे काढायचा. राज्यं, घराणी, सात प्रकारची जादू. ते सगळं बाजूला ठेवा आणि कागदावर मुख्य पात्राबद्दल, समजा एका मुलीबद्दल, तीनच ओळी लिहा: तिला काय पाहिजे, ते का मिळत नाही, आणि ते मिळवायला ती कोणाशी खोटं बोलेल. तिसरी ओळ सुचत नसेल तर हाती फक्त 'गुणी, हुशार, धाडसी' पोरगी आहे. तिचा दहाव्या पानावर कंटाळा येतो.

विदर्भातल्या संत्र्यांच्या पट्ट्यातली, वरूड-मोर्शीकडची सोळा वर्षांची मुलगी घ्या. घरची अडीचशे संत्र्याची झाडं, विहीर आटत चाललेली. तिला विहिरीत पाणी चढवता येतं. ही झाली नुसती सोय. आता नियम लावा: इथे चार फूट चढलं की शिवारातल्या दुसऱ्या एखाद्या विहिरीत चार फूट उतरतं, आणि कोणत्या, ते तिच्या हाती नाही. ती विहीर मैत्रिणीची निघाली की खोटं कोणाशी बोलायचं ते वेगळं शोधावं लागत नाही.

दुसरा नियम बागेतूनच काढा. आंबिया बहारासाठी, म्हणजे जानेवारीनंतरच्या फुलोऱ्यासाठी, डिसेंबरात पाणी तोडून झाडांना ताण देतात. जानेवारीत पाणी सुरू केलं की फूल धरतं. पाणी चढताना भोवतालची जमीनही ओलावते असं ठरवा. मग तिनं ताणाच्या दिवसांत घाईनं जादू केली तर मुळांना ओल लागेल, नुसती पालवी फुटेल आणि बहार हातचा जाईल. चूक तिची, भरपाई वर्षभर घरादाराची. मार्चात दहावीचा पेपर, एप्रिल-मेमध्ये पाण्यावाचून गळणारी कोवळी फळं; कथानकाचं घड्याळ इथेच आयतं मिळतं. नियम मात्र दोनच ठेवा. पाचवा नियम आला की तो समजावायला आजीच्या तोंडी चार पानांचं पुराण घालावं लागतं, आणि वाचक ते उलटून पुढे जातो.

मोठी माणसं ही दुसरी अडचण. खेड्यात संध्याकाळपर्यंत सगळं गावभर होतं, मग मुलीचं गुपित टिकतं कसं? टिकवू नका. आईला अर्धं कळू द्या, आणि कर्जाच्या धाकानं तीच म्हणू दे, "अजून दोन फूट चढव." मदत करणारा मोठा माणूस असा अडचण वाढवणारा असला तर सोळा वर्षांच्या मुलीवर निर्णयाची वेळ खरंच येते.

वऱ्हाडी बोली संवादात ठेवा, निवेदन साधं. निवेदनात वावर (शेत), धुरा (बांध), पऱ्हाटी (कपाशी) एवढे शब्द पुरतात. मैत्रीण विचारते आणि ती उत्तर देते:

"तुह्या इहिरीत रातीतून पानी चढलं. आमचीच काहून उतरली वं?"

"मले काय मालूम?"

या तीन शब्दांत खोटं बसलं. पुढे 'ती अपराधी नजरेनं म्हणाली' लिहिलंत तर काम बिघडतं. 'इहीर', 'मले', 'रायली' कसे लिहायचे याची यादी पहिल्या प्रकरणाआधीच करून ठेवा, नाहीतर एकच माणूस प्रत्येक पानावर वेगळ्या गावचा वाटतो.

पहिला खर्डा झाला की बोलणाऱ्यांची नावं झाकून संवाद मोठ्यानं वाचा. मैत्रीण कोणती आणि आई कोणती ते ओळखू येत नसेल तर शब्द बदलत बसू नका. दोघींच्या तीन-तीन ओळी पुन्हा लिहा.