बेस घेताना रंग नंतर, आवाज आधी

बेस (म्हणजे बेस गिटार) घ्यायचा तर आधी पिकअप बघा, तारांचं कंपन पकडून अ‍ॅम्पकडे पाठवणारा भाग. १९५१ साली आलेल्या फेंडर कंपनीच्या प्रिसिजन बेसच्या घराण्यातला पी-पिकअप जाड, ठाम बोलतो. सोलापुरातल्या ऑर्केस्ट्रात ढोलकी-ऑक्टोपॅडच्या गर्दीतही दबत नाही. फेंडरच्याच १९६० च्या जॅझ बेसला दोन पिकअप. ब्रिजजवळचा (तारा खाली जिथे टेकतात तिथला) वाढवला की आवाज खणखणीत होतो, बोटांचा प्रत्येक ठोका कळतो. मात्र एकच पिकअप चालू ठेवला तर गुणगुण येते. दोन्ही व्हॉल्यूम सारखे उघडले की बहुतेक बेसवर ती जाते. लग्नाच्या मंडपातली वायरिंग माहीत असलेल्यांना हे सांगायला नको.

दुकानात स्लॅप करून, म्हणजे अंगठ्याने तारा ठोकून, भुलू नका. (मी भुललो, वर्षभर पस्तावलो.) जाड ई तार पहिल्या फ्रेटपासून (मानेवरची धातूची आडवी पट्टी) शेवटपर्यंत एकेक दाबा, कुठे खरखरते ऐका. बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक (तारेला नुसता स्पर्श करून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर ट्यूनरवर जुळतात का पाहा. मग पट्टा गळ्यात घालून हात सोडा. बेसची मान खाली झुकली तर तीन तासांच्या कार्यक्रमात डावा खांदा गेलाच समजा. बोटं आखूड असतील तर ३४ ऐवजी ३० इंची स्केल (तारेची वाजणारी लांबी) बघा.

आणि एप्रिल-मेच्या उन्हात बेस बंद गाडीत ठेवू नका, मान वाकते.